पेनकिलर जेवून घेतली की झालं?

मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कापतो, कागदी पुडीत घालतो, वर पेनाने दोन रेघा ओढतो आणि म्हणतो, "काहीतरी खाऊन घ्या, रिकाम्या पोटी नको." एवढं सांगितलं की त्याची जबाबदारी संपते. दोन मारी बिस्किटं खाल्ली की आपलीही संपते.

माझ्या आत्याचे गुडघे दुखतात. ती बिस्किटांवर भागवणाऱ्यांतली नव्हे. वरण-भात-पोळी पोटात गेल्याशिवाय तिने गोळीला कधी हात लावला नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एकदा १० दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी तिला 'मानवली', म्हणून तीच जुनी चिठ्ठी दाखवून ती दोन वर्षं गोळ्या आणत राहिली. तिसऱ्या पावसाळ्यात जिना चढताना धाप लागू लागली. वय झालं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात व्रण आणि त्यातून झिरपणारं रक्त. पोट मात्र तिचं एकदाही दुखलं नव्हतं. हॉस्पिटलच्या खाटेवर बसून तिने विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "अगं, पण मी तर कायम जेवूनच घेत होते ना?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उत्तराकडे जाताना वाटेत आधी दुसराच एक प्रश्न लागतो.

१. पोट स्वतःलाच का पचवत नाही?

जठरात जे आम्ल तयार होतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल. बाथरूमच्या फरश्यांचे डाग घालवायला आपण जे ॲसिड आणतो, त्यातही हेच असतं. मटणाचा तुकडा या आम्लात आणि पाचकरसात विरघळतो. मग जठर स्वतः तरी कशाचं बनलं आहे? तेही मांसच. ते का विरघळत नाही?

ज्यांनी शेणाने सारवलेलं घर पाहिलं आहे त्यांना हे चटकन कळेल. सारवलेली जमीन रोज पायांनी झिजते, तिच्यावर पाणी सांडतं, पोपडे निघतात. तरी ती वर्षानुवर्षं टिकते, कारण दर चार-आठ दिवसांनी घरातलं कोणीतरी बादली घेऊन बसतं आणि नव्याने सारवतं. तिचा टिकाऊपणा मातीत नसतो, सारवणाऱ्या हातात असतो.

जठराचंही तसंच आहे. त्याच्या आतल्या अंगावर चिकट, बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. त्या थरात बायकार्बोनेट मिसळलेलं असतं, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यात असतं तेच. आम्ल आत झिरपलं की सोडा त्याला तिथल्या तिथे शमवतो. खालून रक्ताचा भरपूर पुरवठा चालू असतो. तो नवा माल आणतो आणि चुकून आत आलेलं आम्ल वाहून नेतो. वरच्या पेशी तर दर काही दिवसांनी झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. श्लेष्मा, सोडा, रक्त आणि नव्या पेशी असं हे चार पदरी सारवण आहे. ते थांबलं तर खालची जमीन उघडी पडायला वेळ लागत नाही.

आता हे सारवण चालू ठेवा, असा हुकूम कोण देतं, ते पाहू.

२. एकच दवंडीवाला, अनेक गावं

हुकूम देणाऱ्या रसायनांचं नाव प्रोस्टाग्लँडिन. नाव फसवं आहे. १९३०च्या दशकात ती पहिल्यांदा वीर्यात सापडली, प्रोस्टेट ग्रंथीतून आली असावीत असं वाटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रत्यक्षात ती शरीरात जवळजवळ सगळीकडे तयार होतात. त्यांचा साठा कुठे नसतो. लागतील तेव्हा, लागतील तिथेच बनतात, आसपास दवंडी पिटतात आणि लवकरच नाहीशी होतात.

दवंडी मात्र गावागणिक वेगळी. सुजलेल्या गुडघ्यात ती मज्जातंतूंना हळवं करते, मग नुसता पाय दुमडला तरी कळ येते. मेंदूत ती ताप चढवते. गर्भाशयात स्नायू आवळते. पाळीतल्या कळा मुख्यतः याच दवंडीच्या असतात, म्हणून त्या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन इतकं नेमकं लागू पडतं. आणि जठरात हीच दवंडी सांगते: सारवा.

आपली पेनकिलर काय करते? दुखणाऱ्या जागी जाऊन दुखणं पुसत नाही. सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एक विकर प्रोस्टाग्लँडिन बनवण्याचं काम करतं, त्या विकराचं काम ती बंद पाडते. दवंडीवालाच उरत नाही. गुडघ्यातला ओरडा थांबतो, ताप उतरतो, सूज ओसरते. पण गोळीला गाव निवडता येत नाही. ती जठरातली दवंडीही बंद करते.

हे कळायला फार काळ गेला. १७६३ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्रींनी रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की विलो झाडाच्या सालीच्या चूर्णाने हिवताप उतरतो. (विलोचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे नदीकाठी वाढणारा वाळुंज.) त्या सालीच्या गुणाशी नातं असलेलं सॅलिसिलिक ॲसिड पुढे औषध म्हणून आलं, पण ते पोटाला फार जड जाई. म्हणून १८९७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी त्याचं सौम्य रूप तयार केलं. १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकलं जाऊ लागलं. गंमत बघा, ॲस्पिरिन हे पोटाला सोसवेल असं औषध म्हणून जन्माला आलं! १९३८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा ॲस्पिरिनने आतलं अस्तर लालभडक झालेलं दिसलं. का, ते कळायला आणखी तेहतीस वर्षं जावी लागली. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतं. १९८२च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता, तो याच कामासाठी.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही सगळी एकाच घराण्यातली. डॉक्टर या घराण्याला 'एनसेड' म्हणतात, म्हणजे स्टिरॉइड नसलेली पण सूज उतरवणारी औषधं. या प्रकरणात पुढे 'एनसेड' म्हटलं की ही मंडळी समजायची. हे घराणं लक्षात ठेवणं पुढच्या बेरजेला फार उपयोगी पडणार आहे.

३. गोळी पुढच्या दाराने, घाव मागच्या दाराने

आता आत्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

आपली समजूत अशी असते की गोळी जठरात पडते, तिथे विस्तवासारखी चिकटते आणि भोक पाडते. मग खाली भाताची गादी घातली की झालं. हे थोडंसं खरं आहे. काही गोळ्या जागेवर थोडी जळजळ करतात, मळमळ आणतात आणि पोटात अन्न असलं की तो त्रास कमी होतो. पण व्रण मुख्यतः त्या स्पर्शाने होत नाही. गोळी आतड्यातून रक्तात जाते, रक्तातून फिरून जठराच्या भिंतीत मागच्या बाजूने पोचते आणि तिथलं सारवण बंद करते. तिथे तुमचं वरण-भात-पोळी तिला अडवू शकत नाही.

एकदा हे ध्यानात आलं की घरोघरच्या अनेक उपायांची किंमत कळते. "गोळी नको, पोट बिघडतं, त्यापेक्षा इंजेक्शन द्या डॉक्टर." इंजेक्शन तर थेट रक्तातच जातं, म्हणजे मागच्या दाराशी आणखी लवकर. जठरात न विरघळता आतड्यात विरघळणारं कवच असलेली गोळी? जळजळ कमी होईल, सारवण बंद व्हायचं ते होईलच. गुदद्वारातून ठेवायची गोळी? तेच. दूध? जेवणाइतपतच.

म्हणून जेवून घेऊ नये, असं मी म्हणत नाही. घ्यावी, पोटाला बरं वाटतं. फक्त ते कुलूप पुढच्या दाराला लावलेलं आहे, एवढं लक्षात असावं.

४. भिंत पडते तेव्हा गवंडीही रजेवर

एनसेडचा दुसरा घाव असा की ती रक्त गोठण्याच्या कामातही आडवी येतात. जखम झाली की रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, गोळा होऊन भोक बुजवतात. बिंबिकांना एकमेकींना हाक मारायला जे रसायन लागतं, तेही याच विकरातून बनतं. म्हणजे एकीकडे जठरात जखम होते आणि दुसरीकडे ती बुजवणारेच हात बांधलेले असतात.

इथे ॲस्पिरिन सगळ्यांहून वेगळं. बाकीची औषधं विकराला काही तास अडवतात आणि सोडतात, कुलपातून किल्ली काढून घ्यावी तशी. ॲस्पिरिन किल्ली कुलपातच मोडून टाकतं. इतर पेशी नवं कुलूप घडवतात, पण बिंबिकांना ते जमत नाही. त्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यात तशाच राहतात. हृदयविकाराच्या रुग्णाला ७५ मिलिग्रॅमची लहानशी ॲस्पिरिन रोज पुरते, ती यामुळेच. आणि "ती काय, एवढीशी तर आहे" म्हणून तिला पेनकिलरच्या हिशेबातून वगळणं चुकीचं ठरतं, तेही यामुळेच.

५. मग सगळ्यांचीच पोटं का फुटत नाहीत?

कारण सारवण दोन दिवस चुकलं म्हणून जमीन उखडत नाही. पंचविशीतल्या निरोगी माणसाने दाढदुखीसाठी दोन-तीन दिवस आयबुप्रोफेन घेतली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. प्रश्न येतो तो जमीन आधीच कच्ची असेल, पाय फार पडत असतील किंवा सारवण महिनोन्‌महिने बंद असेल तेव्हा.

कच्ची जमीन म्हणजे वय ६५ च्या पुढे, किंवा पूर्वी कधी अल्सर झालेला. पूर्वीचा अल्सर ही सगळ्यांत मोठी खूण, ती डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावी. पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तरी जमीन कच्चीच. (व्रण नुसत्या तिखटाने आणि काळजीने होत नाहीत, हे पटवण्यासाठी १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं होतं. २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.) सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करणारी औषधं असतील, नैराश्यावरची काही औषधं असतील, दारू असेल, तर धोका बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सांधेदुखीवर 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. अशा पुड्यांत स्टिरॉइड आणि एनसेड मिसळलेली असल्याचं तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. पहिल्या पुडीत गुडघा पळायला लागला तर आनंदाआधी शंका यावी.

६. पॅरासिटामॉल: शेजारी, पण भाऊबंद नव्हे

पॅरासिटामॉलला आपण सरसकट 'तापाची गोळी' म्हणतो. ती ताप आणि वेदना कमी करते, पण तिचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. सूज ती फारशी उतरवत नाही आणि जठराचं सारवणही थांबवत नाही. म्हणून डोकेदुखी, अंगदुखी, कणकण यांसाठी पहिली गोळी हीच असावी. साध्या दुखण्याला आपण उगीच 'पॉवरफुल' गोळी मागतो.

तिचा धोका दुसरीकडे, यकृतात. निरोगी प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅम ही शेवटची मर्यादा, म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या. वजन कमी असेल, वय जास्त असेल, नियमित दारू असेल, यकृताचा आजार असेल तर मर्यादा बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलची फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो. यकृत मात्र आत होरपळत असतं. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि पहिल्या ८ तासांत तो सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं कळलं की लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

७. आत्याचा डबा

आत्या घरी आल्यावर आम्ही तिचा औषधांचा डबा रिकामा केला. श्रीखंडाचा मोठा डबा होता. त्यात निघालं ते असं: गुडघ्याची गोळी, दातांच्या डॉक्टरांनी कधीतरी दिलेली गोळी, तापाच्या ६५० च्या गोळ्या आणि हृदयासाठीची लहान ॲस्पिरिन. चार पट्ट्या, चार नावं, चार रंग. आत्याच्या लेखी चार वेगळ्या दुखण्यांवरची चार वेगळी औषधं.

भिंग घेऊन पट्ट्यांमागचं बारीक अक्षर वाचलं. गुडघ्याची: ॲसिक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५. दातांची: डायक्लोफिनॅक ५०, पॅरासिटामॉल ३२५. आता समजा, दाढ ठणकते आहे, गुडघा आहेच आणि त्यात ताप आला. पहिल्या दोन गोळ्या दिवसातून दोनदा आणि तापाची तीनदा. हिशेब मांडू.

पॅरासिटामॉल: गुडघ्याच्या गोळीतून ६५०, दातांच्या गोळीतून ६५०, तापाच्या गोळीतून १९५०. एकूण ३२५० मिलिग्रॅम. सत्तरीच्या किडकिडीत बाईला हे फार झालं. त्यात सर्दीची एखादी गोळी तीनदा पडली आणि तिच्यात ५०० असलं, तर ४७५०, म्हणजे धडधाकट माणसाचीही मर्यादा पार.

एनसेड: ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन. एकाच घराण्यातली तीन माणसं एकाच वेळी पोटात. दोन एनसेड एकत्र घेतल्याने दुखणं दुप्पट थांबत नाही, सारवण मात्र आणखी बंद पडतं.

म्हणून पट्टीवरच्या मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, ते वाचून भागत नाही. खरी वस्तू बारीक अक्षरात असते. नावाच्या शेवटी 'पी' असेल तर आत बहुधा पॅरासिटामॉल आहे असं धरून चालावं आणि खात्री करावी. अक्षर वाचता येत नसेल तर मेडिकलमध्ये सरळ विचारावं, "यात कायकाय आहे?" हा प्रश्न आपण किराणा दुकानात फरसाणाच्या पुड्याबद्दल विचारतो, इथेच लाजतो.

हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांना आणखी एक अडचण. आयबुप्रोफेन आधी पोटात गेली तर ती बिंबिकांमधलं कुलूप अडवून बसते आणि ॲस्पिरिनला तिथे पोचता येत नाही. हृदयाचं संरक्षण त्यामुळे कमी होऊ शकतं. अशा माणसाने आयबुप्रोफेन मनाने घेऊच नये.

मुलांचा हिशेब आणखी काटेकोर. पॅरासिटामॉलचा एक डोस साधारण दर किलोला १५ मिलिग्रॅम असतो. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. आता ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असं सिरप असेल तर ७.५ मिली आणि ५ मिलीला २५० असं असेल तर ३.६ मिली. मागच्या वेळी साडेसात मिली दिलं होतं म्हणून या वेळी दुसऱ्या बाटलीतून तेवढंच दिलं, तर पोटात ३७५ मिलिग्रॅम जातं, दुपटीहून जास्त. चहाच्या चमच्याने तर मोजूच नये, बाटलीसोबतचं मापच वापरावं. आणि मुलांना ॲस्पिरिन मनाने कधीच द्यायची नाही. निमेसुलाइड तर भारतात १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदच आहे.

८. 'सोबत एक ॲसिडिटीची द्या'

पेनकिलर मागितली की सोबत पित्ताची गोळीही मागायची, ही आता रीतच झाली आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या जठरातले आम्ल सोडणारे पंपच बंद करतात. सारवण त्या परत आणत नाहीत, पण जमिनीवर पडणारं पाणी कमी करतात. ज्यांची जमीन कच्ची आहे आणि ज्यांना एनसेड घ्यावीच लागते, त्यांच्यासाठी ही खरी ढाल आहे. आत्यासारख्या माणसाला दोन वर्षं एनसेड चालू ठेवायची आणि ही गोळी नाही, हे व्हायलाच नको होतं. (खरं तर दोन वर्षं चालू ठेवणंच व्हायला नको होतं.)

पण घेण्याची वेळ बहुतेकांची चुकते. पेनकिलर जेवणानंतर, म्हणून हीही जेवणानंतर, दोन्ही एका घोटात. ही गोळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवण आलं की पंप जागे होतात आणि जागे झालेले पंपच ती बंद करू शकते. दुसरं असं की तिचं संरक्षण जठर आणि त्यालगतच्या आतड्यापुरतं. खालच्या आतड्यालाही एनसेड इजा करतात, तिथे तिचा उपयोग नाही. वर्षानुवर्षं विनाकारण घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. दोन दिवसांच्या दाढदुखीला तरण्याताठ्या माणसाला तिची गरज सहसा नसते.

गुलाबी पातळ अँटासिड? जळजळ शमते, व्रण टळत नाही.

एक पर्याय पोट वाचवण्यासाठीच शोधला गेला होता. प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराचे दोन प्रकार आहेत. एक रोजच्या घरकामाचा, दुसरा मुख्यतः सूज आली की कामाला लागणारा. फक्त दुसऱ्याला अडवलं तर पोट वाचेल, असा विचार होता आणि पोटाच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरला. पण या जातीचं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण हृदयविकाराचे झटके वाढत असल्याचं दिसलं. याच जातीचं एटोरिकॉक्सिब आपल्याकडे सर्रास मिळतं. पोटाला हलकं, म्हणून बिनधोक, असा अर्थ काढू नये. हृदयाचा धोका डायक्लोफिनॅकलाही आहे.

९. पोटापलीकडे

प्रोस्टाग्लँडिनची दवंडी मूत्रपिंडातही चालते. शरीरात पाणी कमी असताना किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचं काम ती करते. उन्हात दिवसभर चालून, घाम गाळून, पाणी कमी पिऊन पायदुखीसाठी डायक्लोफिनॅक घेतली, तर किडनीला रक्त कमी पडतं. वारीत, लांबच्या ट्रेकमध्ये, जुलाबाच्या दिवसांत हे ध्यानात ठेवावं. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी, दोन्ही चालू असतील तर एनसेड ही तिसरी पडताच किडनीवर तिहेरी ताण येतो.

डायक्लोफिनॅकने किडनीचं काय होऊ शकतं याचा पुरावा आपल्या आभाळात आहे, किंवा नाही असं म्हणायला हवं. गुरांना डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं दिली जात, मेलेली गुरं गिधाडं खात आणि त्यांच्या किडन्या बंद पडत. १९९० च्या दशकापासून गिधाडं का मरताहेत हे कोणाला उमगत नव्हतं, २००४ मध्ये कारण उघड झालं, २००६ मध्ये भारताने गुरांसाठी हे औषध बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण अवयव तोच आहे.

पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक काहीच घ्यायचं नाही. बिंबिका आधीच घटलेल्या असतात. फक्त पॅरासिटामॉल, तेही मापात, आणि भरपूर पाणी. दम्याच्या काही रुग्णांना एनसेडने धाप लागते. गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

१०. काळा रंग

आत्याला विचारलं, शौचाला काळं होत होतं का? ती म्हणाली, "हो, पण मला वाटलं जांभळं खाल्ली म्हणून." जांभळांचा मोसम संपूनही दोन महिने झाले होते.

जठरातून झिरपलेलं रक्त आम्लाने काळं पडतं. म्हणून शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं. उलटीत आलं तर भिजलेल्या कॉफीच्या चुऱ्यासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट नसतं. एनसेड घेणाऱ्या माणसाला यातलं काही दिसलं, चक्कर आली, दरदरून घाम सुटला किंवा पोटात अचानक सुरा खुपसल्यासारखं दुखू लागलं, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी, त्याच वेळी हॉस्पिटल. अँटासिड पाजून सकाळची वाट बघायची नाही. आणि दुखत नाही म्हणजे अल्सर नाही, असंही नाही. गोळी दुखणं थांबवणारी आहे, ती अल्सरचंही दुखणं थांबवते.

११. मग गुडघ्याचं काय करू?

हा आत्याचा दुसरा प्रश्न. डॉक्टरांनी तिला डायक्लोफिनॅकचं जेल दिलं. तेच औषध, पण कातडीतून जाणारं. रक्तात त्याचा अगदी थोडा अंश पोचतो, म्हणून पोटाला धोका बराच कमी. गुडघा आणि बोटं यांसारखे सांधे कातडीजवळ असतात, तिथे ते चांगलं लागू पडतं. खुब्यासारख्या खोल सांध्यापर्यंत फारसं पोचत नाही. लावल्यावर लगेच गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं नाही, वर घट्ट पट्टी बांधायची नाही, फुटलेल्या कातडीला लावायचं नाही आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही.

सोबत मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दिले: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. पहिल्या आठवड्यात आत्याने तो व्यायाम टीव्हीवरच्या मालिकेतल्या जाहिरातींच्या वेळी केला. आता ती मालिका चालू असतानाच करते, जाहिराती लागल्या की उठून चहा ठेवते. श्रीखंडाच्या डब्यात हल्ली लवंग-वेलची असते.